दिल्लीत कॉलेज बघायला जुलैत जाऊ नका

घसा अजून बसलेला आहे, त्यामुळे लिहिण्यात चिडचिड दिसली तर समजून घ्या.

जुलैत पुतण्याला दिल्ली विद्यापीठात सोडायला गेले होते. पाऊस नुकताच पडून गेलेला, नॉर्थ कॅम्पसची झाडं धुऊन ठेवल्यासारखी. तिथंच मनात ठरवलं, पुढच्या वर्षी आमच्या चिरंजीवांनाही इथंच घालायचं. त्याला लहानपणापासून दमा आहे. प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या इथल्या एका सरांना तसं स्पष्ट सांगितलं, तर म्हणाले, "दिवाळीचे चार दिवस असतं हो ते प्रदूषण, मग सगळं नॉर्मल." नोव्हेंबरात पुतण्याचाच फोन आला, "काकू, फॉर्म भरायच्या आधी एकदा आत्ता येऊन बघ."

मुलाला घेऊन मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन. प्रवास ठीक. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं कमलानगरचे सातशे सांगितले, पाचशेवर आला आणि मी शहाणी बसले त्यात. तुम्ही बसू नका. सराय काले खां निजामुद्दीनहून मेट्रोची पिंक लाइन, आयएनएला उतरून यलो लाइन, थेट विश्वविद्यालय. एन-९५ मास्क, इनहेलर, स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) तुमच्याकडे असणारच, त्यावर लिहीत नाही. कापडी मास्क नेणार असाल तर नेऊ नका, नुसतं ओझं.

दुपारी दोन वाजता कॅम्पस बघितला. ऊन पिवळट होतं, पण होतं. मुलगा खूश, मीही. आणि इथंच माणूस फसतो. दुपारी जमीन तापलेली असते, हवा वर उठते, धूर पांगतो. संध्याकाळी जमीन निवते, वारा पडतो आणि गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं. मग पंजाब-हरियाणात जाळलेल्या भाताच्या काडाचा धूर, डिझेल, बांधकामाची धूळ, सगळं त्याच झाकणाखाली कोंडतं. कॉलेज आपण दुपारी बघतो, पोरं झोपणार रात्री.

जीटीबी नगर मेट्रोतून बाहेर पडून किंग्जवे कॅम्प चौक ओलांडायचा आणि विजयनगरला पुतण्याच्या खोलीवर जायचं. अंतर किरकोळ आहे. पण संध्याकाळी साडेसातला त्या चौकात उभं राहा म्हणजे कळेल. दिव्यांभोवती तपकिरी वलयं, जिभेवर नाणं चोखल्यासारखी चव, आणि पुढे एका गेटवर वॉचमन टायरचा तुकडा घालून शेकोटी करत बसलेला. त्याला तरी काय बोलणार, थंडी होती. मुलगा दोनदा थांबला. "आई, बोलू नकोस, चाल," म्हणाला. तीन दिवसांत तो रस्ता आम्ही सहा वेळा चाललो. हुमायूनची कबर, लोधी गार्डन वगैरेही झालं, पण मला आठवतो तो हाच रस्ता. इथं रात्री ई-रिक्षा करा, पैसे वाचवू नका.

आता खोल्यांचं. एका पीजीच्या मालकीणबाईंनी "प्युरिफायरवाली रूम" म्हणून महिन्याला अडीच हजार जास्त सांगितले. मी मागचं झाकण उघडायला लावलं. फिल्टर काळाकुट्ट, जुन्या पायपुसण्यासारखा. "अभी पिछले साल ही तो बदला है," असं अभिमानानं म्हणाल्या. खिडकी सरकती, लावल्यावरही करंगळी जाईल एवढी फट. अशा खोलीत प्युरिफायर म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी. तेव्हा झाकण उघडून बघाच, फिल्टर कोण बदलणार ते आधी बोलून घ्या आणि खिडकी लावून फटीपाशी दोरा धरा. हलला तर पुढची खोली बघा. रस्त्याच्या बाजूची खोली फुकट दिली तरी नको. जड ट्रक शहरात रात्रीच सुटतात.

आकडे कसे बघायचे तेही सांगते, कारण मी चुकीचे बघत होते. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) बघताना शहराचा आकडा बघू नका, कॉलेजजवळचं केंद्र उघडा. नॉर्थ कॅम्पसचं स्वतःचं आहे. दुपारी चारला जाहीर होतो तो चोवीस तासांचा सरासरी आकडा, रात्रीचा कडेलोट त्यात मुरून जातो. १०० पर्यंतच्या हवेला आपल्याकडे 'समाधानकारक' म्हणतात, पण पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, यांच्यासाठी १०० म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची शिफारस १५ आहे. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा आकडा ४९४ होता आणि पट्टी ५०० लाच संपते. त्या आठवड्यात विद्यापीठाचे वर्ग ऑनलाइन गेले. म्हणजे भाडं दिल्लीचं भरायचं आणि लेक्चर खिडक्या लावून मोबाइलवर.

पुणं-मुंबईवाल्यांनीही फार हसू नये. हिवाळ्यात आपापल्या भागातलं केंद्र उघडून बघा एकदा.

माझं मत विचाराल तर धडधाकट मूल असेल, बंद होणारी खिडकी आणि चालू फिल्टर मिळत असेल तर पाठवा. दमा असेल तर नाही. अगदी आवडता विषय तिथंच असला तरी आधी नोव्हेंबरात तीन रात्री राहून या. एका रात्रीत कळत नाही, पहिल्या सकाळी आमचं पोरगं ठणठणीत होतं.

आम्ही पीक फ्लो मीटर नेला होता, फुंकायची ती प्लास्टिकची नळी. घरी तो ४३० पर्यंत फुंकतो. तिसऱ्या सकाळी ३४० वर काटा अडकला. त्यानं परत फुंकलं, ३३०. नळी माझ्या हातात देऊन म्हणाला, "मीटर खराब झालाय." मिरजेला परतल्यावर आठवड्यानं त्याच मीटरवर ४२५ आले. तेव्हापासून पसंतीच्या यादीत दिल्ली पहिल्यावरून चौथ्यावर गेली आहे. खोडली मात्र नाही, आणि त्यावरून घरात रोज वाजतंय.