आईच्या तंबोऱ्यात घुसलेली टिकटिक आणि माझे तीन आठवडे

आई आता ७२ची आहे. आजीकडून आलेल्या गौळणी आणि ओव्या मिळून चाळीसेक तरी तिला पाठ आहेत, कुठेही लिहिलेल्या नाहीत, आणि गेल्या दिवाळीनंतर तिचा दम कमी पडायला लागला तेव्हा ठरवलं की आता पुढे ढकलायचं नाही, घरीच रेकॉर्ड करायचं. पाच वर्षं जुना लॅपटॉप होता, आठ जीबी रॅम, दोन इनपुटचं यूएसबी साऊंड कार्ड घेतलं, एक कंडेन्सर माईक आईपुढे आणि दुसरा तंबोऱ्यापुढे, आणि सॉफ्टवेअर रीपर. तंबोरा आईच्या माहेरचा, मिरजेचा. २०२४मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा तिने पेपरातलं कात्रण त्याच्या गवसणीच्या खिशात ठेवलंय.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रात्री दहाला पाण्याचा पंप बंद होतो, मग पंखा बंद करून खिडक्या लावून बसायचं. पहिल्या रात्री आईने दोन गौळणी म्हटल्या, मी हेडफोन लावून ऐकलं आणि मधे मधे टिक्‌, टिक्‌, कधी चर्रर्र, आणि एका ठिकाणी तर पाव सेकंद आवाजच गायब. आईला ऐकवलं तर म्हणाली, "अरे, हे नखाने टेबल वाजवल्यासारखं काय येतंय मधेच?"

आमचा पहिला संशय जवारीवर गेला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जे सूत असतं ते जरा सरकलं की तार करकरते हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे मामाने फोनवर सांगितलं की जवारी उतरली असणार. दोन संध्याकाळी आई सूत वरखाली करत बसली, बोटं दुखेपर्यंत, आणि तंबोऱ्यात काहीच दोष नव्हता याचं मला अजून वाईट वाटतं. मग गेन (माईकचा आवाज किती वाढवून घेतोय ते) जास्त झालाय का बघितलं, तर लेव्हल उणे १२ डेसिबलच्या वर जातच नव्हती, म्हणजे आवाज फाटण्याचा प्रश्न नाही. माईकची वायर बदलली, तेच.

शेवटी एक गोष्ट केली जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. रेकॉर्ड झालेली फाईल पुन्हा पुन्हा त्याच जागी वाजवली. टिक्‌ दरवेळी त्याच जागी. म्हणजे ती ऐकताना होत नव्हती, रेकॉर्डिंगमध्येच बसली होती. झूम करत करत गेलो तर लाट जी गोलाईने खाली यायला पाहिजे ती मधेच उभी कापल्यासारखी तुटलेली, पुढचा तुकडा वेगळ्याच उंचीवरून सुरू. तार करकरली तर लाट वेडीवाकडी होईल पण अशी तुटणार नाही. सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्याचा) घोळ पण नव्हता, कारण ४८०००चं रेकॉर्डिंग ४४१००वर वाजलं असतं तर पट्टी जवळपास दीड सेमिटोनने उतरली असती आणि काळी चारला गाणाऱ्या आईने ते पहिल्या ओळीत पकडलं असतं.

आता आईला दर वेळी गायला बसवून तपासणं शक्य नव्हतं, तीन-चार गाण्यांनंतर ती थकते. आणि माईक शांत ठेवून रेकॉर्ड केलं तर टिक्‌ कळतच नाही, कारण शांततेतला तुकडा गळाला तर ऐकू काय येणार? तबल्यावर पण लपून जाते, संथ सलग सुरावर मात्र प्रत्येक गळलेला कण उघडा पडतो. म्हणून कार्डाच्या आउटपुटमधून वायर काढून त्याच कार्डाच्या इनपुटला लावली (डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे इनपुटचा आवाज कार्डातूनच सरळ बाहेर सोडणारं बटण, बंद ठेवून, नाहीतर शिट्टी घुमते), रीपरमध्ये टोन जनरेटरने ४४० हर्ट्झचा सरळ सूर सोडला आणि दहा मिनिटं रेकॉर्ड केलं. टिका मोजल्या, ४१. हा माझा मापदंड झाला, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा दहा मिनिटं.

बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका घासात जितके नमुने (सॅम्पल) उचलतो तो साठा, ६४ सॅम्पलवर होता. ४८०००च्या रेटला ६४ सॅम्पल म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे दर सव्वा मिलिसेकंदाला कॉम्प्युटरने पुढचा घास तयार ठेवायचा, नाही ठेवला की गॅप आणि गॅप म्हणजे टिक्‌. तो मी ५१२ केला, साधारण साडेदहा मिलिसेकंद. मला भीती होती की मग आईला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येईल, पण कार्डावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, त्याने माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ कानात येतो, मग बफर मोठा असला तरी गायकाला काही फरक पडत नाही. नुसतं गाणं रेकॉर्ड करणाऱ्याने बफर लहान ठेवायचा हट्ट करूच नये असं माझं ठाम मत झालंय. कार्ड चार पोर्टच्या हबवर माऊस आणि पेनड्राईव्हच्या शेजारी होतं, ते थेट लॅपटॉपला लावलं, आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) पण विंडोजचा साधा चालू होता तो काढून कार्डाच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे खास ऑडिओसाठीचा, टाकला. ४१च्या ९ झाल्या.

नऊवर मी चार दिवस अडकलो. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू १५ टक्के, रॅम अर्धी रिकामी, डिस्कचं तर कामच नाही, कारण २४ बिटचा एक ट्रॅक मिनिटाला जेमतेम साडेआठ एमबी. मग कॉलेजातला एक मित्र, तो लग्नाकार्यात साऊंड करतो, त्याने सांगितलं लेटन्सीमॉन चालव. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते कॉम्प्युटर किती मोकळा आहे ते सांगत नाही, कोण किती वेळ त्याला अडवून धरतो ते सांगतं. प्रत्येक ड्रायव्हर कधी ना कधी प्रोसेसरला म्हणतो आधी माझं काम कर, आणि ते चालू असताना ऑडिओला थांबावं लागतं, सरासरी १५ टक्के असली तरी. दहा मिनिटांत पट्टी लाल. ड्रायव्हर्सच्या यादीत सगळ्यात वर एनडीआयएस डॉट सिस, म्हणजे नेटवर्क, १३ हजार मायक्रोसेकंदांच्या वर. तेरा मिलिसेकंद! आणि माझा बफर साडेदहाचा. ते दोन आकडे शेजारी शेजारी दिसले तेव्हा मला अक्षरशः हायसं वाटलं.

डिव्हाईस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय डिसेबल केलं, टिका २. वायफायचा जुना ड्रायव्हर नंतर अपडेट केला, खूप सुधारला, पण रेकॉर्डिंगच्या वेळी मी ते बंदच ठेवतो.

उरलेल्या दोन मात्र आपणच ओढवून घेतलेल्या होत्या. सुरुवातीला चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये बारीक घूंऽऽ असा आवाज यायचा, लॅपटॉपच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या, म्हणून मी चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करत होतो. आणि बॅटरीवर लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग पाडतो, यूएसबीला पण झोपवतो. एक आवाज घालवायला दुसरा आणला होता. पॉवर ऑप्शन्समध्ये मिनिमम प्रोसेसर स्टेट (प्रोसेसरचा वेग किती खाली जाऊ द्यायचा ते) बॅटरीसाठी ५ टक्के होती ती १०० केली, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, दहा मिनिटांत शून्य. चाळीस मिनिटं चालवलं, तरी शून्य. पण १००वर बॅटरी तासाभरात संपते, म्हणून इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला तर अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नाही, आत नुसती गुंडाळून ठेवलेली. ती जोडली आणि घूं पण गेली, झिणझिण्या पण गेल्या. हे फक्त ऑडिओसाठी नाही, जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी एकदा तपासून घ्याच.

त्या शनिवारी आई पुन्हा बसली. मला धीर नव्हता, ती गात असताना मी रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमधला एक्सरनचा, म्हणजे किती वेळा घास चुकला त्याचा, आकडाच बघत होतो, शून्य, शून्य, तिसऱ्या गौळणीला मात्र स्क्रीन झाकली आणि नुसतं ऐकलं. आतापर्यंत सतरा झाल्यात.

पहिल्या रात्रीच्या दोन पैकी एक तिने नंतर परत म्हटली, पण ती तशी लागली नाही, पहिलीत एका कडव्यानंतर तिला आजी आठवली आणि ती क्षणभर थांबून मग पुढचा स्वर घेते, तो परत येणारा नव्हता. म्हणून त्या जुन्याच फाईलवर बसलोय, एकेक तुटलेली जागा झूम करून कापायची, दोन्ही टोकं क्रॉसफेडने (एक हळूहळू कमी, दुसरं हळूहळू जास्त करत) सांधायची, नुसता तंबोरा चालू असेल तिथे शेजारचा तुकडा आणून बसवायचा. २६ पैकी २३ निघाल्या. तीन थेट तिच्या आवाजावर आहेत, त्या अजून तशाच आहेत.