बेस्टमधला 'ई'

मुंबईला बस आणि वीज पुरवणारी बेस्ट म्हटलं की लोकांना लाल डबल डेकर आठवते. मला आठवतो फुटपाथलगतचा खड्डा आणि त्यात उकिडवे बसलेले बाबा. ते बेस्टच्या विद्युत विभागात केबल जॉइंटर, म्हणजे जमिनीखालच्या विजेच्या केबली जोडणारे कामगार होते. आम्ही लालबागला राहायचो, गॅस कंपनी लेनपासून चार पावलांवर.

या गल्लीच्या नावात वीज येण्याआधीची मुंबई आहे. १८६५ साली इथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून गॅस काढायचा आणि जमिनीखालच्या नळांतून खांबाखांबापर्यंत पोचवायचा, असा बॉम्बे गॅस कंपनीचा कारभार. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले खरे, पण ते पुरवणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर गेलं. म्हणजे मुंबईत वीज एकदा येऊन परत गेली होती! शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

ती टिकली १९०५ नंतर. त्या साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली आणि वाडीबंदरला वीजघर सुरू झालं. घोड्यांच्या ट्रामा १८७४ पासून होत्याच; विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ ला. बस १९२६ ची आणि पालिकेने कंपनी ताब्यात घेतली ती ७ ऑगस्ट १९४७ ला. बेस्टच्या नावात इलेक्ट्रिकचा 'ई' आधी आहे, ट्रामवेजचा (पुढे ट्रान्सपोर्टचा) 'टी' मागून. तरी जो तो बसचीच गोष्ट सांगतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बेस्टच्या केबली जमिनीखालून जातात, म्हणून हे काम कुणाच्या नजरेला पडत नाही. मी डबा घेऊन जायचो तेव्हा पाहिलंय. जुन्या केबलीला बाहेर शिशाचं कवच, आत तेलात मुरवलेल्या कागदाचे थरावर थर. ओल हा त्या कागदाचा वैरी. बाबा कागदाची एक पट्टी सोलायचे आणि गरम कंपाउंडमध्ये, म्हणजे जोडात भरायच्या वितळलेल्या मिश्रणात, बुडवायचे. फेस आला की कागदात ओल आहे, तेवढा भाग कापून टाकायचा. फेस नाही आला की मान हलवायचे, तेव्हा कुठे जोड सुरू. कपाळाचा घाम केबलवर पडू नये म्हणून डोक्याला पंचा घट्ट बांधलेला असायचा. शेवटी शिशाची नळी चढवून दोन्ही तोंडं वितळलेल्या धातूने बंद करायची. चरबी लावलेल्या जाड कापडाने तो धातू गरम असतानाच हाताने फिरवत गोल बसवायचा. त्या वेळी कुणी हाक मारलेली त्यांना चालत नसे. मी डबा मांडीवर घेऊन गप्प बसायचो.

आता केबली प्लास्टिकच्या झाल्या, जोडावर उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या चढतात. ते शिसं वळवणारे हात फार थोडे उरलेत. तुमच्या घरात कुणी जॉइंटर, मीटर रीडर किंवा सबस्टेशनवर पाळी केलेलं माणूस असेल तर त्यांना बोलतं करा, आणि ते कोणत्या हत्याराला काय म्हणायचे तेवढं तरी लिहून ठेवा. बाबांना मी ते विचारलं नाही.