रमाबाई नावाचा खण

घाटकोपरहून आलेल्या त्या बाईंच्या हातात वहीचा घडी केलेला कागद होता. नातीला शाळेतून प्रकल्प मिळाला होता आणि तिनं कागदावर एवढंच लिहून दिलं होतं : 'रमाबाई – जीवन व कार्य'. आमच्या ग्रंथालयाच्या देवघेव विभागातल्या नव्या मुलानं संगणकावर 'रमाबाई' टाकलं आणि यादीतलं पहिलं पुस्तक काढून आणलं. ते होतं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. बाईंनी उभ्या उभ्याच दोन पानं वाचली आणि पुस्तक परत सरकवलं.

"ह्या त्या नव्हेत. ह्या जज्जसाहेबांच्या घरातल्या दिसतात."

मुलानं दुसरं पुस्तक आणलं, ते अमेरिकेच्या प्रवासाचं. "ह्यापण नव्हेत," बाई म्हणाल्या. मुलगा गोंधळला, कारण संगणकावर दोन्ही पुस्तकांची लेखिका एकच दिसत होती. त्यानं मला हाक मारली. मी तालिका विभागात, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी होतात तिथे, बसते. नोंद चुकली, की माणसं माझ्याकडेच येतात.

पडद्यावर लिहिलं होतं : 'रमाबाई, १८५८–१९२४'.

अशी बाई कधी झालीच नाही. १८५८ हे पंडिता रमाबाईंचं जन्मवर्ष. १९२४ साली वारल्या त्या रमाबाई रानडे. जुनी कार्डं संगणकावर चढवताना कुणीतरी एकीचा जन्म घेतला, दुसरीचा मृत्यू घेतला आणि त्यांतून एक तिसरीच बाई तयार झाली. हे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिलं होतं. पंडिता रमाबाई आमच्याकडे आधीपासून पहिल्या नावानं लावल्या आहेत, कारण जग त्यांना त्याच नावानं ओळखतं. रमाबाई रानड्यांची काही कार्डं आडनावाखाली होती, पण काहींवर 'रमाबाई' एवढंच उतरवलेलं होतं. सॉफ्टवेअरनं विचारलं, या दोन्ही एकच का? आणि कुणीतरी 'हो' दाबलं.

मला याचा फार राग येतो. ही टंकलेखनातली गफलत आहे असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण ज्यांची आयुष्यं अशी मिसळली गेली, त्यांनी ती केवढ्या कष्टानं वेगळी घडवली होती!

पंडिता रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थं फिरत, पुराणं सांगत वाढल्या. त्यांचं संस्कृत ऐकून कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. नवरा बंगाली, तोही लग्नानंतर थोड्याच काळात गेला. लहान मुलगी घेऊन त्या पुण्यात आल्या, तिथून इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, पुढे अमेरिकेत हिंडून विधवांसाठी पैसे उभे केले. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन काढलं, ते इथेच, मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ. पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेलं. नंतर केडगावला मुक्ती सदन. तिथे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला सदनातल्याच बायका होत्या.

रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. रमाबाई हे नाव सासरचं. अकराव्या वर्षी लग्न, आणि नंतर नवऱ्याकडून, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांकडून, अक्षरओळख. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते शिकणं मुळीच खपत नसे, तेव्हा दिवसा टोमणे खायचे आणि रात्री धडे गिरवायचे. न्यायमूर्ती गेल्यानंतरचं त्यांचं काम तर आपण विसरूनच गेलो आहोत. १९०८ साली मुंबईत सेवासदन निघालं तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. पुण्याच्या सेवासदनानं किती बायकांना नर्स आणि शिक्षिका केलं! बायकांच्या मताच्या हक्कासाठी त्या म्हातारपणी सभा घेत होत्या.

आणि या दोघी एकमेकींना ओळखत होत्या! १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज निघाला आणि विशीतल्या रमाबाई रानडे त्यांच्या सभांना जाऊ लागल्या. त्यावरून घरात झालेली बोलणी त्यांनी आठवणींत लिहून ठेवली आहेत. म्हणजे मुलानं काउंटरवर ठेवलेल्या पहिल्या पुस्तकात दुसऱ्या पुस्तकाची लेखिका चालती-बोलती सापडते, आणि आमचा संगणक सांगत होता की दोघी एकच.

हे सगळं मी त्या बाईंना भरभरून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगल्या बायका. पण मॅडम, मला आमच्या रमाई पायजेत. बाबासाहेबांच्या."

त्या रमाबाई आंबेडकर नगरातून आल्या होत्या. त्यांच्या घरी, गल्लीत, रोजच्या बोलण्यात 'रमाबाई' म्हटलं की दुसरं कुणी येतच नाही. नातीनं आडनाव लिहिलं नाही, कारण तिला त्याची गरजच वाटली नसणार.

मी पुन्हा शोधलं. लेखिका म्हणून नोंद नव्हती, ते उघडच होतं, त्यांनी पुस्तक लिहिलेलं नाही. विषयाखाली 'रमाबाई' म्हणून पेशव्यांच्या रमाबाई निघाल्या, थेऊरला माधवरावांबरोबर १७७२ साली सती गेलेल्या. पण रमाबाई आंबेडकरांची चरित्रं आमच्याकडे आहेत हे मला ठाऊक होतं, मी स्वतः ती हाताळली होती. सापडली ती 'आंबेडकर, बाबासाहेब – चरित्र' या शीर्षकाखाली. ज्या बाईवर अख्खं पुस्तक लिहिलंय, तिला शोधायला नवऱ्याच्या खणात हात घालावा लागत होता.

पुस्तकं येईपर्यंत बाई बाकावर बसल्या आणि आता सांगायची पाळी त्यांची होती. दाभोळ बंदरात मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या बापाची ही पोर. आईबाप गेल्यावर भायखळ्याला काकामामांकडे आली. १९०६ साली लग्न लागलं ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, विकल्या. पाचांतली चार लेकरं गेली. धारवाडला वराळ्यांच्या बोर्डिंगात पोरं उपाशी राहतात म्हटल्यावर हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या. "आणि २७ मेला, पस्तीस साली, राजगृहात गेल्या. आम्ही दर वर्षी जातो," त्या म्हणाल्या. त्यांना एकही तारीख आठवावी लागली नाही.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली. संदर्भ विभागातून मी 'थॉट्स ऑन पाकिस्तान'ची जुनी प्रत मागवली. अर्पणपत्रिकेत बाबासाहेबांनी ते पुस्तक 'रामू'च्या स्मृतीला वाहिलं आहे. मी बाईंना मराठीत सांगत गेले : तिच्या मनाचा चांगुलपणा, उदारपणा, चारित्र्याची शुद्धता, आणि मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांत माझ्याबरोबर सोसायची तिची तयारी. बाईंनी ते पान मोबाइलवर टिपून घेतलं, दोनदा, एक नातीसाठी आणि एक स्वतःसाठी. पुस्तकं घेऊन त्या चारच्या लोकलला गेल्या.

मी नोंदी सुट्या करायला बसले. 'रमाबाई, पंडिता, १८५८–१९२२'. 'रानडे, रमाबाई, १८६२–१९२४'. 'आंबेडकर, रमाबाई, १८९८–१९३५', हे विषयशीर्षक नवं. प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून मुखपृष्ठ, दाखल अंक पाहून योग्य बाईच्या नावाला जोडलं. अर्पणपत्रिकेवरून मात्र आमच्या सरांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, अर्पणपत्रिका तालिकेत घेत नाहीत, नियम तसा नाही. माझं म्हणणं, टीप लिहायला जागा आहे ना? या बाईनं केलेलं काम दुसऱ्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरच नोंदलेलं असेल, तर वाचकानं तिथे पोचायचं कसं? सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, या एका पुस्तकाला कर. मी केली.

आता 'आनंदीबाई' बाकी आहे, आणि तिथेही तीच गत दिसते. एक आनंदीबाई जोशी, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. दुसऱ्या आनंदीबाई कर्वे, बालविधवा गोदूबाई, याच पंडिताबाईंच्या शारदा सदनात मुंबईला शिकल्या आणि १८९३ साली पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. डॉक्टर आनंदीबाईंचं माहेरचं नावही यमुनाच होतं, रमाबाई रानड्यांसारखं. तेव्हा दोन्ही आनंदीबाईंच्या नोंदींवर जन्मनाव घालायचं ठरवलंय, आणि त्यासाठी तरी सरांची परवानगी लागू नये.