नाताळचा पंच: मूळ रस एक, भांडी दोन

नाताळच्या पंचची तयारी बहुतेक घरांत रमच्या बाटलीपासून सुरू होते. न पिणाऱ्यांची आठवण अगदी शेवटी होते आणि त्यांच्या हातात डब्यातला फळांचा रस पडतो. मला हे मनापासून खटकतं, कारण पंचची खरी चव बाटलीत नसतेच. ती असते सालीत, मसाल्यात, चहात आणि आंबट-गोडाच्या मापात. एवढं नीट जमवलं की त्याच मूळ रसाचे दोन भाग करून एकात दारू घालता येते, दुसऱ्यात घालायची गरज पडत नाही आणि दोन्ही भांडी सारख्याच मानाने टेबलावर येतात.

सतराव्या शतकात जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने ‘पंच’ म्हणजे ‘पाच’, पाच जिन्नसांचं पेय, अशी फोड लिहून ठेवली आहे. ही व्युत्पत्ती सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण स्वयंपाकघरात पाचाचा हिशोब फार उपयोगी पडतो: कडक (म्हणजे दारू), आंबट, गोड, पातळ (पाणी, चहा, सोडा) आणि मसाला. चव बिघडली की यातलं काय कमी पडलं किंवा काय जास्त झालं, एवढंच शोधायचं. जुनं माप आहे एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग पातळ. खालचं प्रमाण त्याच्या जवळचंच आहे, फक्त पातळ भाग वाढवला आहे, कारण समारंभात माणसं एका पेल्यावर थांबत नाहीत.

हे प्रमाण पंधरा-सोळा माणसांना प्रत्येकी दोन छोटे पेले पुरतं. चार संत्री, चार मोठी पिवळी लिंबं आणि २५० ग्रॅम साखर घ्या. फळं गरम पाण्यात ब्रशने घासून धुवा, कारण बाजारातल्या फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर असतो आणि तो सालीबरोबर साखरेत उतरतो. मग सोलाण्याने फक्त रंगीत साल काढा. सालीच्या आतल्या बाजूला पांढरं दिसलं तर ते सुरीने खरवडून टाका. पंच कडू होण्याची जी कारणं आहेत त्यांत हा पांढरा भाग पहिला.

साली साखरेत टाकून लाकडी बत्त्याने किंवा लाटण्याच्या टोकाने चार-पाच मिनिटं रगडा, झाका आणि रात्रभर बाहेरच राहू द्या. सालीतलं सुगंधी तेल साखर ओढून घेते. सकाळी झाकण काढलं की कोरडी साखर ओल्या वाळूसारखी झालेली दिसते, तळाशी पिवळसर चकाकतं पाणी साठलेलं असतं आणि वास खोलीभर पसरतो. लिंबाच्या रसात हा वास नसतो. रसात आंबटपणा असतो, सुगंध सालीत असतो. घाई असेल तर चार तासही चालतात, पण हा टप्पा गाळू नका. बिनदारूचा पंच सरबतासारखा लागतो तो मुख्यतः हा टप्पा गाळल्यामुळे.

आता मसाला आणि चहा. १,१०० मिली पाण्यात बोटाएवढे दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा आणि आठ मिरे टाकून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. गॅस बंद करा, त्यात तीन चमचे काळ्या चहाची पत्ती टाका, झाका आणि बरोबर चार मिनिटांनी थेट साल-साखरेवर गाळा. चहा सहा-सात मिनिटं राहिला तर तुरटपणाचा कडवटपणा होतो आणि मग साखर कितीही घातली तरी तो जिभेच्या मागच्या बाजूला उरतोच. साखर विरघळेपर्यंत ढवळा आणि दहा मिनिटांनी साली काढून टाका. मसाला अख्खाच हवा. दालचिनीची पूड पाण्यात विरघळत नाही, फुगते, बुळबुळीत होते आणि पेल्याच्या तळाशी चिखलासारखी बसते. लवंगेच्या बाबतीत हात आखडता ठेवा. सहाच्या जागी बारा पडल्या तर जिभेला बधिरपणा येतो आणि बाकी काहीच कळत नाही.

हा अर्क फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतो. गार झाल्यावर कधीकधी तो ढगाळ दिसतो. चहातले टॅनिन आणि कॅफीन थंडीत एकत्र येऊन तसं होतं, ते खराब झालेलं नसतं. थोडा गरम केला की बराचसा निवळतो.

रस मात्र त्याच दिवशी काढायचा आणि अर्क पूर्ण गार झाल्यावरच घालायचा: लिंबाचा २०० मिली, संत्र्याचा ४०० मिली. साल काढलेली तीच फळं वापरा, कमी पडलं तर आणखी एखादं घ्या. पिळताना शेवटचा थेंब काढायचा हट्ट नको, बिया आणि आतली पांढरी त्वचा चिरडली की कडूपणा परत येतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं तांबं-पितळ आंबटाशी लढतं, धातूची चव उतरते आणि तांब्याचा अंश पोटात जाणं बरं नव्हे.

सगळं मिळून साधारण १.७ लिटर मूळ रस होतो. त्याचे ८५० मिलीचे दोन भाग करा. बिनदारूचा भाग आधी वेगळा काढा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे डाव आणि भांड्यांची सरमिसळ होण्याचा प्रश्नच येत नाही.

दारूच्या भांड्यात ३०० मिली काळी रम आणि ७५ मिली ब्रँडी घाला आणि दोन-तीन तास फ्रिजमध्ये मुरू द्या. लगेच चाखलं तर रम आणि रस वेगवेगळे लागतात, मुरल्यावर धार कमी होते. वाढायच्या वेळी ५०० मिली गार सोडा. रम आणि ब्रँडी ४० टक्क्यांची धरली तर यात शुद्ध अल्कोहोल १५० मिली होतं, म्हणजे सुमारे ८.७ टक्के, आणि बर्फाचं पाव लिटर पाणी सुटल्यावर साडेसात टक्क्यांच्या आसपास. १२० मिलीच्या पेल्यात ते ९ मिली येतं. ३० मिलीच्या एका पेगमध्ये १२ मिली असतं, म्हणजे असे तीन पेले दोन पेगांपेक्षा जास्त झाले. पंच गोड आणि गार असल्यामुळे हे जिभेला कळत नाही, म्हणून हा आकडा पाहुण्यांना आधीच सांगावा. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी तर दुसरं भांडं आहेच.

त्या दुसऱ्या भांड्यावर मी जास्त वेळ घालवते, आणि तो घालवावाच. दारू पेयाला चार गोष्टी देते: घशातली ऊब, थोडा कडवटपणा, अंगाचा भरीवपणा आणि गोडाला लगाम. ती काढून तिथे गोड रस भरला तर चारही जातात आणि साखर दुप्पट होते. म्हणून प्रत्येकाची जागा वेगळ्या जिन्नसाने भरायची. ऊब आल्याने येते: ६० ग्रॅम आलं किसून फडक्यातून पिळा, साधारण ३० मिली रस निघेल. तो पंधरा मिनिटं वाटीत स्थिर ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो, तो आल्यातला स्टार्च. वरचा निवळ रस अलगद ओता, साका मागे ठेवा. तो गेला तर पंच पिठूळ दिसतो. तुरटपणा आणि भरीवपणासाठी बिनसाखरेचा डाळिंबाचा रस ३०० मिली. लगामासाठी जादा लिंबाचा रस २५ मिली, सफरचंदाचं व्हिनेगर दोन चमचे आणि दोन चिमूट मीठ. व्हिनेगरची चव वेगळी ओळखू येता कामा नये, ते फक्त घशाशी थोडं टोचतं, रम टोचते तसं. शेवटी ५०० मिली गार सोडा. गोड लिंबूसोडा किंवा कोला इथे नको, त्याने सगळी मेहनत पाण्यात जाते.

या भांड्यात कॉकटेलचे बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचे कडवट अर्क, टाकायचा मोह होतो. नेहमीच्या बिटर्समध्ये ४० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं आणि खऱ्या व्हॅनिला अर्कातही निदान ३५ टक्के. थेंबच पडतात हे खरं, पण धर्मामुळे, गरोदरपणामुळे, औषधांमुळे किंवा व्यसन सोडल्यामुळे जी व्यक्ती दारू टाळते तिला ‘यात काहीच नाही’ असं सांगायचं असेल तर खरोखर काहीच नसावं. लहान मुलं जास्त असतील तर चहाऐवजी सुक्या लाल अंबाडीची बोंडं घ्या, लिटरला १५ ग्रॅम. आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही मिळतात, कॅफीन नसतं. मात्र मग दोन्ही भांडी लाल दिसतात. चहाच्या पंचमध्ये रमचं भांडं तपकिरी आणि डाळिंबाचं लाल, हा फरक आपोआप राहतो. अंबाडी वापरली तर पेल्यांचा आकारच वेगळा ठेवा. भांड्यावर चिठ्ठी आणि प्रत्येकाला स्वतःचा डाव, हे दोन्ही वेळा हवंच.

‘उकळली की दारू उडून जाते’ ही समजूत इथे घातक ठरते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार उकळत्या द्रवात दारू घालून लगेच आचेवरून उतरवली तर ८५ टक्के अल्कोहोल उरतं, पेटवून ज्वाळा विझू दिल्या तरी ७५ टक्के, आणि तासभर शिजवूनही २५ टक्के. रमचा पंच उकळून मुलांना द्यायचा हा मार्ग नाही.

गरम पंचचं तंत्र याच कारणाने वेगळं. मसाल्याला चव सोडायला उकळी लागते आणि वाइनला उकळी सोसत नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, शिवाय जास्त तापलेल्या वाइनचा फळांचा वास जाऊन शिजलेला वास येतो. तेव्हा आधी २०० मिली पाण्यात ७५ ग्रॅम साखर, दालचिनीचे दोन तुकडे, पाच लवंगा, एक चक्रफूल आणि एका संत्र्याची साल दहा मिनिटं उकळून पाक करा, साल काढा आणि मगच ७५० मिली लाल वाइन ओता. ७० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. थर्मामीटर नसेल तर वाफ दिसायला लागली आणि कडेला एकही बुडबुडा नाही, ही खूण धरा. वरून ब्रँडी घालायची असेल तर गॅस बंद करून, कारण ४० टक्क्यांच्या मद्याची वाफ २६ अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. बिनदारूसाठी वाइनच्या जागी ५०० मिली लाल द्राक्षांचा रस आणि २५० मिली अंबाडीचा काढा घ्या. पाकात साखर घालू नका, द्राक्षाची पुरते.

थंड पंच पातळ आणि बेचव होण्यामागे बहुतेक वेळा बर्फाचे छोटे खडे असतात. तेवढ्याच वजनाच्या एका मोठ्या लादीचा पृष्ठभाग खूप कमी असतो, म्हणून ती सावकाश वितळते. लिटरभर पाण्याचा डबा आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा, पूर्ण गोठायला अठरा ते चोवीस तास लागतात. दोन भांड्यांना दोन डबे. संत्र्याच्या चकत्या आणि डाळिंबाचे दाणे आतच गोठवले तर लादी वितळत जाते तशी फळं मोकळी होतात, ते फार सुंदर दिसतं. आणि पंच आधीच फ्रिजइतका गार हवा, कोमट पंचमध्ये कितीही मोठी लादी टिकत नाही.

सोडा पाहुणे आल्यावरच, भांड्याच्या कडेने ओता आणि डाव तळातून एकदाच फिरवा. सगळा पंच एकदम भांड्यात काढू नका, अर्धा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्यांदा ताजा सोडा घालून भरा. चव पाहायची ती गार करून, वितळणाऱ्या बर्फाच्या हिशोबाने थोडं पाणी मिसळून पाहा. गारपणात गोडी कमी जाणवते, म्हणून कोमट असताना बरोबर वाटलेला पंच गार झाल्यावर आंबट लागतो. गोड वाढवायला पाक वापरा, साखर गार द्रवात तळाशी बसून राहते. जास्त गोड झाला तर पाणी घालू नका, लिंबू घाला, एका वेळी दोन चमचे. जायफळ अगदी शेवटी, पेल्यावर किसून.

उरलेल्या मूळ रसात सोडा पडला नसेल तर तो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतो. रमच्या भांड्यातली फळं मात्र वेगळी ठेवा. ती दारू शोषून घेतात, आणि भांडी आवरताना मुलांचा हात सगळ्यात आधी त्यांच्याकडेच जातो.