सोनौलीची कमान आणि पलूसच्या कपाटात राहिलेलं मतदान कार्ड

आमचं घर तासगाव तालुक्यात, द्राक्षबागेचं. त्यामुळे सुट्टी शाळेची असली तरी फिरायला कधी जायचं हे बाग ठरवते. यंदा खरड छाटणी वेळेत उरकली, फुटव्यांची विरळणी दिरांनी अंगावर घेतली आणि मे महिन्यात आम्ही सहाजण नेपाळला जाऊन आलो. सासूबाई (वय 70), आमचे हे, मी, मोठ्या वन्सं (वय 53), मुलगी सोळा वर्षांची आणि मुलगा अकराचा. लुंबिनी, पोखरा, काठमांडू आणि परत, सगळं जमिनीवरून. नेपाळमधल्या डोंगरांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. मला लिहायचंय ते कागदांबद्दल, कारण आपल्याकडून निघणारी माणसं नेमकी तिथंच अडतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी नेमलेल्या बूथ लेव्हल ऑफिसरचं, काम केलंय. मतदार यादी घेऊन दारोदार फिरताना एक गोष्ट कायम दिसली. आधार कार्ड प्रत्येकाच्या पाकिटात असतं. मतदान कार्ड मात्र ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, नाहीतर "बघावं लागंल कुठं हाय ते". आणि नेपाळच्या सीमेवर, सोनौलीच्या कमानीखाली विचारतात ते नेमकं हेच कार्ड.

भारत आणि नेपाळमध्ये 31 जुलै 1950 ला मैत्रीचा करार झाला. भारतीय माणसाला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टचीही सक्ती नाही. पण "पासपोर्ट लागत नाही" याचा अर्थ आपले लोक "काहीच लागत नाही" किंवा "आधार चालतं" असा घेतात. 15 ते 65 वयाच्या माणसाला मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं फोटोचं ओळखपत्र, दोन्हींपैकी एक हवंच. आधार चालतं ते 15 च्या आतल्या मुलांना आणि 65 च्या पुढच्या माणसांना. त्यांना पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशन कार्डही चालतं, फक्त त्यावरून वय आणि ओळख पटली पाहिजे, फोटो असला पाहिजे.

मार्चमध्येच एका रविवारी मी सगळ्यांची कागदं पलंगावर मांडली. सासूबाईंच्या आधारवर जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. त्या सत्तरीच्या असल्यामुळे प्रश्न नव्हता, पण तुमच्या घरचं माणूस 65 च्या उंबरठ्यावर असेल तर नुसत्या सालावर जाऊ नका, पूर्ण तारखेचा कागद जवळ ठेवा. मुलाच्या आधारवर तो दोन वर्षांचा, काजळ लावलेला, गालाला तीट. निळं बाल आधार पाचव्या वर्षी अपडेट करायचं असतं, ते आमच्याकडून राहूनच गेलं होतं. समोर अकरा वर्षांचा उंच मुलगा आणि कार्डावर तान्हं बाळ, यात ओळख कशी पटणार? सुट्टी लागायच्या आत बोटांचे ठसे आणि नवा फोटो करून घेतला.

मुलीचं वय अवघड. 15 ते 18 मधल्या मुलांना मतदान कार्ड नसतं आणि त्यांच्या आधारचा भरवसा नसतो. त्यांच्यासाठी शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्राचार्यांचा ओळखीचा दाखला लागतो, ठरलेल्या नमुन्यात. बोनाफाइड आणि हा दाखला एकच समजू नका. फोटो चिकटवून अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल असा मारून घ्या. मे महिन्यात कॉलेजचं ऑफिस कधी उघडं असतं, कधी नसतं. आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दाखला घेतला. मुलांचा पासपोर्ट असेल तर हे काहीच करावं लागत नाही.

सगळ्यात मोठं काम निघालं वन्संच्या कार्डाचं. त्यांचं मतदान कार्ड जुनं, आणि नाव माहेरचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आणि वन्संच्या वेळी तर पहिलं नावही बदललं होतं. म्हणजे मतदान कार्डावर एक बाई आणि आधारवर दुसरीच, फोटोतही तीस वर्षांचं अंतर. आपल्या भागातल्या पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायकांच्या कागदांची हीच गत आहे, आणि हे मला यादी हातात घेऊन फिरताना दरवर्षी टोचतं. त्यांची ओळख सासर-माहेरात वाटली गेलीय आणि कागद मागितला की त्या गप्प होतात.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. फॉर्म 8 भरायचा. नावातली दुरुस्ती, पत्ता बदल, फोटो बदलून नवं कार्ड, सगळं त्याच एका फॉर्मवर होतं. ऑनलाइन भरता येतो, नाहीतर तुमच्या बीएलओकडे द्या. अडलं तर 1950 या नंबरवर फोन करा. नेपाळ कराराचं साल तेच, त्यामुळे माझ्या डोक्यात तो पक्का बसलाय. फॉर्म भरताना मोबाईल नंबर स्वतःचा द्या, मुलाचा किंवा पुतण्याचा नको. याचं महत्त्व पुढे कळेल. वन्संना नवं कार्ड पोस्टाने यायला पाच आठवडे लागले. म्हणून सांगते, तिकीट काढायच्या आधी कागद काढा.

मिरजेहून पुणे आणि पुण्याहून गोरखपूर. गोरखपूरचा फलाट 1366 मीटर लांब आहे. 2023 मध्ये आपल्या मिरज लाइनवरच्या हुबळीने 1507 मीटरचा बांधून त्याला मागे टाकलं, तोवर तो जगात सगळ्यात लांब होता. मुलाला याचं कौतुक वाटलं, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना ते सोसलं नाही. म्हातारं माणूस बरोबर असेल तर डबा कुठं लागतो ते बघून व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा.

गोरखपूरला माझा मामेभाऊ असतो. विटा-खानापूरकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलीत, त्यातलाच तो. सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात त्याची भट्टी, वर दोन खोल्या आणि खोलीत वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी. जेवण झाल्यावर दादा म्हणाला, "सगळ्यांची कागदं काढा बघू, उद्या बॉर्डरवर पिशव्या उसकत बसाय नको."

वन्संनी पर्स उघडली. आधार, पॅन, एटीएम. नवं मतदान कार्ड नव्हतं. ते पलूसला, त्यांच्या सासरी, स्टीलच्या कपाटात, पोस्टाच्या पाकिटातच. त्या इतक्या घाबरल्या की, "मी हितंच राहते, तुम्ही जाऊन या," म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "तू नसलीस तर मीबी न्हाई येत."

आम्ही एकेक वाट तपासली. कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असेल, तर बाकीच्यांना दुसरं फोटोचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा यावर जाता येतं. आमच्याकडे रेशन कार्ड होतं, पण त्यात वन्संचं नाव कुठून असणार? लग्न झालेली लेक माहेरच्या रेशन कार्डावर नसते. त्यांचं नाव पलूसच्या कार्डावर. भाच्याने कपाटातल्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, पण मोबाईलमधला फोटो म्हणजे कागद नव्हे. शेवटी ई-एपिक आठवलं. निवडणूक आयोगाने 25 जानेवारी 2021 पासून मतदान कार्डाची पीडीएफ डाउनलोड करायची सोय दिलीय. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला, आणि तो वन्संच्याच फोनवर आला, कारण फॉर्म 8 मध्ये नंबर त्यांचाच दिला होता. सकाळी दादाने भट्टी पेटवायच्या आधी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला उठवून रंगीत प्रिंट काढून आणली.

गोरखपूरहून सोनौली सुमारे 100 किलोमीटर. रेल्वेने नौतनवापर्यंत जाता येतं, आम्ही बसने गेलो. बस सीमेच्या अलीकडे सोडते, पुढं पायी किंवा रिक्षाने. रस्ता एकच. ट्रकांची रांग, सायकली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, रोज इकडून तिकडे जाणारी माणसं. बहुतेकांना कुणी काही विचारत नाही, आणि त्यामुळेच "आम्ही गेलो तेव्हा कुणी बघितलंसुद्धा नाही" असं सांगणारे आपल्याला भेटतात. आम्हाला विचारलं. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने सहाही जणांना बाजूला घेतलं. मुलीचा दाखला त्याने वाचून काढला, शिक्क्यावर बोट फिरवलं. वन्संच्या प्रिंटवर थांबला. फोटोवर अंगठा ठेवून त्यांच्याकडे बघितलं, मग आधार मागितलं, दोन्हींवरचं नाव अक्षर-अक्षर ताडून पाहिलं. नावं जुळली. "जाइए माताजी." ते दुरुस्त नाव नसतं, तर त्या प्रिंटचा काही उपयोग नव्हता. आम्हाला प्रिंटवर सोडलं म्हणून तुम्ही त्या भरवशावर निघू नका. मूळ कार्ड गळ्यातल्या पाऊचमध्ये हवं.

पिशव्याही उघडल्या. पाच किलो बेदाणा बघून त्याने विचारलं, विकायला नेताय का? घरचा आहे, खायला आणि द्यायला, असं हे म्हणाले. मूठभर हातावर ठेवला, पण ड्युटीवर आहे म्हणून त्याने घेतला नाही.

कमानीपलीकडे बेलहिया, आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. पैशांचं सोपं आहे, भारतीय 100 म्हणजे नेपाळी 160. दुकानदार "आयसी की एनसी?" असं विचारतात. आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे. भाव ऐकताना आधी हे विचारून घ्या. नोटा 100 च्या न्या, त्या घ्यायला कुणी कांकू करत नाही. रोमिंग नसेल तर आपलं सिम पलीकडे बंद पडतं, म्हणजे ओटीपीची कामं सगळी सोनौलीच्या अलीकडेच उरका. तिकडचं सिम घ्यायला ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो लागतो, हॉटेलवालेही झेरॉक्स मागतात. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो नेले होते, एकही परत आला नाही.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी थोडं. बेलहियाला भन्सार म्हणजे त्यांच्या कस्टमची पावती करावी लागते, दिवसांच्या हिशेबाने. आरसी, लायसन्स, इन्शुरन्स मूळ प्रती न्या. गाडी भावाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर संमतीपत्र करून घ्या. एक दिवस जास्तीचा धरूनच पावती करा, कारण डोंगरात दरड पडली तर तुमच्या हातात काही नसतं, आणि मुदत उलटली की दंड. पावती परत येईपर्यंत जपा.

विमानाचा विचार करणाऱ्यांनी तर मुळीच हयगय करू नये. जमिनीवरून आधार दाखवून कसंबसं पलीकडे गेलात आणि काठमांडूहून विमानाने यायचं ठरवलं, तर काउंटरवर पासपोर्ट किंवा मतदान कार्डाशिवाय बोर्डिंग पास मिळत नाही. मग भारतीय दूतावासातून कागद करून घ्यायचा, त्यात दिवस जातात. आणि अमेरिकेतले भाऊ-वहिनी बरोबर असतील आणि त्यांच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) असेल, तर त्यांना ही सवलत नाही. ते परदेशी नागरिक. त्यांना नेपाळचा व्हिसा लागतो आणि दोन्ही बाजूंच्या इमिग्रेशनमध्ये शिक्के घ्यावे लागतात.

लुंबिनीला आम्ही दुपारी पोचलो. मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी अशोक तिथं आला, बुद्धांचा जन्म इथं झाला म्हणून गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला, असं त्यावर कोरलंय. गाइडने हे सांगितलं तेव्हा आमचे हे बराच वेळ तिथं उभे राहिले. शेतकऱ्याचं मन, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा का होईना, शेतसाऱ्याचा हिशेब त्याला लगेच कळतो. पोखरा-काठमांडूबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

शाळेतल्या एका बाई दिवाळीत भूतानला जायचं म्हणतायत, त्यांना जे सांगितलं ते इथंही लिहिते. सीमेवरच्या आपल्या जयगावहून भूतानच्या फुन्शोलिंगमध्ये शिरताना परमिट घ्यावं लागतं. पासपोर्ट किमान सहा महिने मुदतीचा किंवा मतदान कार्ड. आधार तिथं मोठ्यांना चालत नाही. 18 च्या आतल्या मुलांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो आणि तो इंग्रजीतला हवा. आपल्या ग्रामपंचायतीचे जुने हाताने लिहिलेले दाखले नुसते मराठीत असतात, ते नव्याने काढून घ्या. भारतीयांना दर रात्री माणशी 1200 रुपये शुल्क आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 600. बांगलादेशला जायचं तर पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही, तिथं पर्याय नाही.

परत आल्यावर वन्संना सोडायला पलूसला गेलो. त्यांनी आधी कपाट उघडलं, पाकीट फोडलं आणि कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. वन्संच्या जाऊबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनीही त्यांचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. नाव माहेरचं, गाव माहेरचं. चहा व्हायच्या आत त्यांच्या फोनवरून फॉर्म 8 भरला.