पोतराजाचा आसूड आणि सॉनिक बूम

रविवारी नागपुरात महाल भागात बहिणीकडे गेलो होतो, खाली गल्लीत पोतराज आला आणि त्याच्या आसुडाचा असा कडाका झाला की आम्ही सगळे चहाचे कप घेऊन गॅलरीत. भाचा म्हणे, "मामा, एवढ्याशा दोरीचा एवढा आवाज कसा काय येते?" म्हटलं, अरे हा छोटा सॉनिक बूमच आहे, म्हणजे आवाजापेक्षा जोरात जाणाऱ्या वस्तूचा धमाका. त्याला काही खरं वाटेना.

पण आहे तसंच. आसूड मुठीकडे जाड, शेवटाला बारीक. हाताचा झटका पुढे पुढे जातो तसं वस्तुमान कमी होत जाते म्हणून वेग वाढतो, आणि टोकाशी तो आवाजालाही मागे टाकतो. समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती एकदम दाबली जाते आणि तो दाब आपल्या कानावर आदळतो.

मग पुढचा प्रश्न, "विमानानं साउंड बॅरियर तोडलं, म्हणजे आवाजाचा वेग ओलांडला, की एकदाच धमाका होते ना?" हे खूप जणांना वाटते, मलाही कॉलेजपर्यंत असंच वाटायचं. पण तसं नाही. फुटाळा तलावावर बोट जाते तेव्हा मागे पाण्याची व्ही निघते ना, बोट चालू तोवर ती सोबतच असते, काठावर ज्याच्यापाशी पोचली त्याला तेव्हा लाट लागते. विमानामागे तसाच शंकू असतो, वेग जेवढा जास्त तेवढा तो निमुळता, मॅक २ ला, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाला, अक्षापासून ३० अंश. म्हणजे वाटेतल्या प्रत्येक गावाला आपापला धमाका, आणि बरेचदा दोन, एक नाकाचा एक शेपटीचा.

मला सगळ्यात भारी वाटते ती तापमानाची गोष्ट. आपल्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत आवाज ताशी साधारण १२८५ किलोमीटरनं जातो, पण ११ किलोमीटर वर हवा उणे ५६ धरली तर १०६० नंच. आता तिथं कोणी ११७० नं उडालं तर ते मॅक १.१, सुपरसॉनिकच, पण खालच्या आवाजापेक्षा हळू! मग लाट खाली येता येता गरम हवेत वाकत जाते आणि जमिनीला न लागता वर वळते. २८ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत एक्सबी-१ हे विमान मॅक १.१२ नं गेलं आणि खाली धमाका पोचलाच नाही.

भाच्यानं लगेच मोबाईल काढला, "अन् डिसेंबरमध्ये १० डिग्री असते तेव्हा?" १२१४ आलं. ११७० त्याहून कमीच, म्हणजे धमाक्यापासून वाचतो अजूनही, पण थोडक्यात.