कढई, नासदीय सूक्त आणि वनराज भाटिया

आज भांडीवाल्या मावशींची दांडी, म्हणून सिंक माझ्याकडे. सोबतीला मोबाइलवर ‘भारत एक खोज’चं शीर्षकगीत लावलं आणि करपलेली कढई घासता घासता हात थांबलाच. लहानपणी हे टीव्हीवर लागलं की मला चक्क भीती वाटायची. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त वगैरे तेव्हा कुठे कळत होतं!

मग ओल्या हातानेच या गीताचे संगीतकार वनराज भाटिया यांच्याबद्दल वाचत बसलो. मुंबईचा मुलगा पियानो शिकतो, लंडनच्या रॉयल अकॅडमीत जातो, तिथून पॅरिसला थेट नामवंत संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे. आणि परत येऊन काय करतो? जिंगल्स! त्याही हजारोंनी. धबधब्याखालची ती लिरिलची ‘ला लाला ला’ यांचीच, हे मला आज कळलं. (वय वर्षं ४६.) पुढे ‘अंकुर’, ‘मंथन’, हंसा वाडकरांच्या आयुष्यावरचा ‘भूमिका’, ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार. उतारवयात तर कार्नाडांच्या नाटकावर ऑपेरा लिहायला घेतला. २०२१ मध्ये, ९३व्या वर्षी गेले.

लिरिलची धून गुणगुणत उरलेली भांडी विसळली. कढई तेवढी अजून भिजत पडलीय.